दैनंदिन स्पॅनिश संभाषणातील सहमती व असहमती : भाषिक रूपे आणि मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या अडचणी

प्रास्ताविक

स्पॅनिश ही आज सुमारे २० देशांत राजव्यवहाराची भाषा असून तिच्या मातृभाषकांची संख्या ५० कोटींच्या घरात आहे. महाराष्ट्रात विद्यापीठीय अभ्यासक्रमांतून तसेच खाजगी वर्गांतून ही भाषा शिकविली जाते. या वर्गांत सहमती व असहमती दर्शविण्याचे दोन साचे विद्यार्थ्यास लवकर दिले जातात : ‘एस्तोय दे आकुएर्दो’ (मी सहमत आहे) आणि ‘नो एस्तोय दे आकुएर्दो’ (मी सहमत नाही). व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. परंतु माद्रिदमधील एखाद्या घरी जेवणाच्या मेजावर वा मेक्सिकोतील कचेरीत चाललेले संभाषण ऐकले, तर ही वाक्ये तेथे क्वचितच कानी पडतात. चर्चासत्रात, बैठकीत किंवा वृत्तपत्रीय लेखात त्यांचे स्थान आहे. चहाकॉफीच्या गप्पांत ती औपचारिक ठरावासारखी वाटतात.

युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक समान संदर्भ चौकटीत सहमती व असहमती सभ्यपणे व्यक्त करता येणे ही मध्यम पातळीची क्षमता मानली आहे. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या संस्थेच्या २००६ च्या अभ्यासक्रम-आराखड्यातही या भाषिक कार्याची स्वतंत्र नोंद आहे. तेव्हा हा विषय केवळ शब्दसंग्रहाचा नाही, हे अभ्यासक्रमकर्त्यांना मान्य आहे. प्रत्यक्ष अध्यापनात मात्र तो बहुधा शब्दांच्या यादीवरच थांबतो.

सहमतीची रूपे

‘सी’ (होय) हा शब्द लॅटिनमधील ‘सीक’ म्हणजे ‘असे’ या अव्ययापासून आला. ‘असेच आहे’ हा त्याचा मूळ भाव. रोजच्या बोलण्यात एकटा ‘सी’ कोरडा वाटतो. त्यामुळे तो दोनतीनदा उच्चारला जातो किंवा त्याच्या जोडीला ‘क्लारो’ (उघडच आहे), ‘पोर सुपुएस्तो’ (अर्थातच), ‘देस्दे लुएगो’ (निश्चितच) असे शब्द येतात. ‘तिएनेस रासोन’ म्हणजे ‘तुझे म्हणणे बरोबर आहे’. येथे स्पॅनिश माणूस ‘तुझ्यापाशी योग्य कारण आहे’ असे म्हणतो. आदरार्थी संबोधनात हेच ‘तिएने रासोन’ होते आणि अर्जेंटिनात ‘तेनेस रासोन’. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील निवड मराठी माणसाला नवी नसल्याने येथे विद्यार्थी फारसा अडखळत नाही.

प्रस्ताव मान्य करण्याचे शब्द मात्र देशपरत्वे बदलतात. स्पेनमध्ये ‘बाले’ हा शब्द दिवसातून असंख्य वेळा ऐकू येतो. तो ‘बालेर’ म्हणजे ‘मोल असणे, चालणे’ या क्रियापदाचे रूप असून मराठीतील ‘चालेल’शी त्याचे चांगलेच साम्य आहे. अर्जेंटिनात ‘दाले’, मेक्सिकोत ‘ओराले’ किंवा ‘साले’, कोलंबियात ‘लिस्तो’ असे पर्याय आढळतात. चिलीमध्ये ‘सी पो’, ‘नो पो’ अशी जोड ऐकू येते. त्यातील ‘पो’ हा ‘पुएस’ या अव्ययाचा झिजलेला अवशेष होय. लॅटिन अमेरिकेत विनंतीला होकार देताना ‘कोमो नो’ (कसे नाही?) म्हणण्याची प्रथा आहे. आपल्याकडे ‘का नाही?’ म्हणून होकार देणाऱ्यास तिचे नवल वाटू नये.

‘मलाही’ आणि ‘मीही’

दुसऱ्याच्या विधानात आपला सूर मिळविताना स्पॅनिश भाषक ‘ताम्बिएन’ (सुद्धा) व ‘ताम्पोको’ (सुद्धा नाही) हे शब्द वापरतो. ‘मे गुस्ता एल काफे’ (मला कॉफी आवडते) असे कोणी म्हटल्यास सहमतीचे उत्तर ‘आ मी ताम्बिएन’ आणि असहमतीचे ‘आ मी नो’. मूळ विधान नकारार्थी असेल तर सहमती ‘आ मी ताम्पोको’ने व असहमती ‘आ मी सी’ने व्यक्त होते. परंतु ‘फूमो’ (मी धूम्रपान करतो) या विधानाला ‘यो ताम्बिएन’ हे उत्तर येते. म्हणजे क्रियापदाचा अनुभवकर्ता कोणत्या विभक्तीत आहे, त्यानुसार उत्तरातील सर्वनाम ठरते.

हा भाग वर्गात अवघड समजला जातो. वस्तुतः मराठी भाषकास तो सोपा जावयास हवा. ‘मला कॉफी आवडते’ला आपण ‘मलाही’ म्हणतो, ‘मीही’ नव्हे. आवडनिवडीच्या क्रियापदांबाबत दोन्ही भाषांची मांडणी जवळजवळ एकच आहे. असे असूनही अनेक विद्यार्थी ‘यो ताम्बिएन’ म्हणून मोकळे होतात. यामागील एक कारण असे संभवते की स्पॅनिश ही इंग्रजीच्या माध्यमातून शिकविली जाते आणि इंग्रजीत हा भेद राहिलेला नाही. शिक्षकाने अशा वेळी मराठीचा आधार घेतला तर अर्ध्या तासाचे काम पाच मिनिटांत होईल. हे साम्य सर्वत्र टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे : ‘मला पाणी हवे’ यास स्पॅनिशमध्ये ‘किएरो आग्वा’ म्हणतात, तेथे कर्ता प्रथमेत असतो आणि उत्तर ‘यो ताम्बिएन’ असेच येते. नकारार्थी सहमतीत मात्र मराठीच आड येते. ‘मलाही नाही’ याच्या धर्तीवर ‘आ मी ताम्बिएन नो’ अशी रचना विद्यार्थी करतो. ‘ताम्पोको’ या एका शब्दात ‘ही’ व ‘नाही’ दोन्ही सामावले आहेत, हे पुन्हापुन्हा सांगावे लागते.

नकारार्थी प्रश्नाच्या उत्तरात अडचण अधिक गंभीर होते. ‘तू उद्या येणार नाहीस ना?’ यावर मराठीत ‘हो, नाही येणार’ असे उत्तर सहज दिले जाते. येथील ‘हो’ विचारणाऱ्याच्या अंदाजाला असतो. स्पॅनिशमध्ये याच परिस्थितीत ‘नो, नो बोय’ म्हणावे लागते. मराठी वळणाने ‘सी’ म्हणून थांबलेल्या व्यक्तीचे उत्तर ऐकणारा ‘येणार आहे’ असेच समजेल. भेटीची वेळ ठरविताना वा मालाच्या पुरवठ्याची खात्री करून घेताना अशा एका शब्दाची किंमत मोजावी लागू शकते.

असहमती

अमेरिकन संशोधक अनिता पोमेरांट्झ यांनी १९८४ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की मूल्यमापनपर विधानानंतर सहमती तत्काळ व थेट येते, तर असहमती विलंबाने, आढेवेढे घेत येते, अपवाद आत्मनिंदेचा. तेथे असहमती हीच अपेक्षित असते. त्यांची सामग्री इंग्रजी संभाषणाची होती. स्पॅनिशमध्येही सौम्य असहमतीची रूपे विपुल आहेत. ‘सी, पेरो’ (हो, पण), ‘पुएदे सेर’ (असेलही), ‘बुएनो’ (बरं...), ‘नो से’ (कोण जाणे) ही त्यांपैकी काही. स्पेनमध्ये वाक्यारंभी ‘ओम्ब्रे’ (शब्दशः ‘अरे पुरुषा’) घालून पुढील विरोधाची धार कमी केली जाते. गंमत अशी की हा शब्द स्त्रीला उद्देशूनही वापरला जातो.

या संदर्भात ‘या’ हा शब्द विशेष लक्ष देण्याजोगा आहे. त्याचा कोशातील अर्थ ‘आता, एव्हाना’ असा असला तरी स्पेनमधील संभाषणात एकटा ‘या’ म्हणजे ‘तुझे म्हणणे पोचले’. ही सहमती नव्हे. ‘या, पेरो’ येताच पुढे विरोध आहे हे जाणकार श्रोता ओळखतो आणि ‘या, या’ असा दुहेरी उच्चार विशिष्ट सुरात आला तर तो चक्क अविश्वास असतो. मराठीतील ‘बरं बरं’ अनेकदा हेच काम करते. त्याचप्रमाणे ‘सी, ओम्ब्रे’ हे शब्द सुरानुसार मनःपूर्वक होकार किंवा उपरोधिक ‘वा रे वा, मुळीच नाही’ असे दोन्ही होऊ शकतात. छापील पाठ्यपुस्तकातून सूर कळत नाही. त्यामुळे हा भाग ध्वनिफितीवाचून शिकविणे व्यर्थ आहे.

ठाम नकारासाठी ‘के बा’, ‘पारा नादा’, ‘नी आब्लार’ (बोलायलाच नको) अशी सूत्रे आहेत. ‘एन आब्सोलुतो’ याचा अर्थ ‘पूर्णपणे’ असा असावा असे इंग्रजी जाणणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात उत्तर म्हणून त्याचा अर्थ ‘अजिबात नाही’ असा होतो. ‘नादा’ची कथाही अशीच आहे. लॅटिनमधील ‘जन्मलेली वस्तू’ या अर्थाचा हा शब्द नकारार्थी वाक्यांत वावरता वावरता स्वतःच ‘काही नाही’ होऊन बसला.

प्रतिपक्षाचे म्हणणे खोडताना ‘सी के’ ही रचना येते. ‘तू गृहपाठ केला नाहीस’ यावर मूल म्हणते, ‘सी के लो ए एचो’. आघात नसलेल्या ‘सि’नेही (ज्याचा मूळ अर्थ ‘जर’) हेच साधते : ‘सि या लो ए एचो!’ या दोन्हींचा मराठी अनुवाद एका अक्षरात होतो : ‘केला की!’ विरोध दर्शविणारा हा ‘की’ मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत जितका दुर्लक्षित, तितकाच स्पॅनिशमधील हा ‘सि’ परकीयांच्या पाठ्यपुस्तकांत.

असहमती क्रियापदाचा अर्थही बदलते. ‘क्रेओ के बिएने’ (तो येतो असे मला वाटते) यात निश्चयार्थी रूप आहे. ‘नो क्रेओ के बेंगा’ यात विध्यर्थी. जे विधान वक्ता स्वतःच्या जबाबदारीवर मांडीत नाही, त्याचे क्रियापद विध्यर्थात जाते. म्हणूनच ‘एस्तोय दे आकुएर्दो एन के’ यापुढे निश्चयार्थ येतो, तर ‘नो एस्तोय दे आकुएर्दो एन के’ यापुढे बहुधा विध्यर्थ. ‘आउंके सेआ कारो’ (महाग असले तरी) यातील विध्यर्थ त्याहून सूक्ष्म आहे. वस्तू महाग आहे हे वक्त्यास ठाऊक असूनही तो मुद्दा प्रतिपक्षाचा म्हणून बाजूस सारला जातो. मराठीत ‘तो येईल असे वाटत नाही’ म्हणताना ‘येईल’ तसेच राहते. त्यामुळे येथे मातृभाषेचा आधार मिळत नाही.

विनयाच्या कल्पना

पेनेलोपी ब्राउन व स्टीफन लेव्हिन्सन यांच्या सिद्धान्तानुसार (१९७८, सुधारित आवृत्ती १९८७) असहमती ही श्रोत्याच्या प्रतिमेला बाधा आणणारी कृती ठरते. स्पॅनिश भाषेच्या अभ्यासकांना ही चौकट अपुरी वाटली. स्टॉकहोम येथे कार्यरत असलेल्या दियाना ब्राबो यांनी स्पॅनिश व स्वीडिश व्यक्तींच्या वाटाघाटींचा अभ्यास करून ‘स्वायत्तता’ व ‘संलग्नता’ या संकल्पना पुढे मांडल्या. स्वतःचे ठाम मत असणे आणि ते मांडणे हा स्पॅनिश समाजात व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, असे त्यांच्या मांडणीतून दिसते. बालेन्सिया येथील आन्तोनिओ ब्रिस व त्यांच्या गटाने ध्वनिमुद्रित संभाषणांचे जे संकलन केले, त्यातही आप्तमित्रांच्या बोलण्यात परस्परांवर चढणारी वाक्ये व ‘नो, नो, नो’ असे थेट खंडन वारंवार येते. त्यामुळे नाते बिघडत नाही.

हे निष्कर्ष मुख्यत्वे स्पेनमधील अनौपचारिक संभाषणाला लागू पडतात. मेक्सिकोत, विशेषतः वरिष्ठांशी बोलताना, नकार कितीतरी वळणे घेऊन येतो, हे फेलिक्स-ब्रासदेफेर यांच्या २००८ च्या अभ्यासातून स्पष्ट होते. ‘स्पॅनिश लोक स्पष्टवक्ते असतात’ असे सरसकट विधान वर्गात करणे म्हणूनच धोक्याचे.

मराठी विद्यार्थी अशा संभाषणात बहुधा गप्प राहतो. वडीलधाऱ्यांचे बोलणे मध्येच तोडू नये, हा संस्कार त्याच्याजवळ असतो. त्याला वाटते आपण सभ्यपणे ऐकत आहोत. समोरच्या स्पेनवासीयाला मात्र तो अलिप्त, कदाचित नाराजही वाटतो, कारण तेथे ऐकणाऱ्याने ‘क्लारो’, ‘या’, ‘सी, सी’ असे मध्येमध्ये म्हणत राहणे हेच लक्ष असल्याचे चिन्ह आहे. याउलट आग्रहाच्या बाबतीत दोन्ही समाज जवळ येतात. पाहुण्याने पहिल्यांदा ‘नो, ग्रासिआस’ म्हटले तरी यजमान पुन्हा वाढू पाहतो आणि कोणी घराची वा पोशाखाची स्तुती केली की ‘के बा!’ म्हणून ती परतवली जाते. पोमेरांट्झ यांनी आत्मनिंदेपुरता सांगितलेला अपवाद असा स्तुतीच्याही बाजूने दिसतो. ‘छे हो, जुनीच साडी आहे’ म्हणणाऱ्या गृहिणीस या ‘के बा’चा अर्थ कोशात शोधावा लागणार नाही.