मोटारीतील वातानुकूलन यंत्राची निगा
वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी कौंडण्यपूरच्या वाटेवर मोटारीतील वातानुकूलन यंत्र थंड हवा देईनासे झाल्यास गॅस भरून घेण्याची घाई करू नये. हवेचा झोतच मंद असल्यास आतील फिल्टर तपासावा. झोत जोरदार, पण हवा कोमट असल्यास रेडिएटरपुढील कंडेन्सर पाहावा. त्यात कापसाचे तंतू व धूळ अडकल्यास उष्णता बाहेर पडत नाही. इंजिन निवाल्यावर तो पाण्याच्या सौम्य धारेने धुवावा. पंखा फिरतो की नाही, हेही पाहावे. हा गॅस इंधनाप्रमाणे जळून संपत नाही. तो कमी झाल्यास गळती आहे, असे समजावे. गळती बंद न करता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. नळ्यांतील गॅस दाबाखाली असल्याने त्या स्वतः उघडू नयेत. ते काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे.