जुना फोन, नवी सिस्टिम (भाग ४) : आधी कुलूप उघडा

आपला फोन लिनेजओएस या अँड्रॉइडवर आधारलेल्या मोफत सिस्टिमच्या अधिकृत यादीत आहे का, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज प्रत्यक्ष काम. उदाहरणाला पोको एफ१ घेऊ. २०१८च्या ऑगस्टमध्ये भारतात आलेला हा फोन स्नॅपड्रॅगन ८४५च्या जोरावर अजून झकास पळतो, पण कंपनीने त्याला अँड्रॉइड १०वर आणून सोडून दिलं.

पहिला अडसर बूटलोडरचा. फोन चालू करताच आधी हा प्रोग्रॅम जागा होतो आणि तो लॉक असेल, तर कंपनीची सही नसलेली सिस्टिम दारातूनच परत पाठवतो. सेटिंग्जमध्ये एमआययूआय व्हर्जनवर सात वेळा बोट टेकवा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील. तिथे ओईएम अनलॉकिंग चालू करून फोन आपल्या शाओमीच्या ‘मी’ अकाउंटला जोडायचा; त्या वेळी वायफाय बंद, सिमचा डेटा चालू. मग विंडोज कम्प्युटरवरचं ‘मी अनलॉक’ टूल बहुधा १६८ तास थांबायला सांगतं. थांबा. कंटाळून अकाउंट पुन्हा जोडलंत, तर घड्याळ शून्यापासून सुरू होतं. आणि अनलॉक होताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. फोटोंचा बॅकअप त्याआधीच घ्या.

पुढचं काम त्या मानाने किरकोळ आहे. फोन फास्टबूटमध्ये नेऊन लिनेजची रिकव्हरी, म्हणजे नवी सिस्टिम बसवणारा छोटा प्रोग्रॅम, फ्लॅश करा आणि व्हॉल्यूम अप व पॉवर बटण दाबून थेट तिच्यातच शिरा. मध्ये जुनी सिस्टिम सुरू झाली, तर ती नवी रिकव्हरी पुसून आपली परत बसवते. ‘चाललं नाही’ म्हणणारे पुष्कळ जण नेमके इथेच अडकलेले असतात. रिकव्हरीत फॉरमॅट डेटा करा, अप्लाय फ्रॉम एडीबी निवडा आणि कम्प्युटरवरून लिनेजची फाइल पाठवणारी साइडलोडची आज्ञा द्या. आकडा कधीकधी ४७ टक्क्यांवर थांबतो आणि ‘फेल्ड’ असा शब्द दिसतो. लगेच केबल उपटू नका; त्याच ओळीच्या शेवटी ‘सक्सेस’ लिहिलेलं असेल, तर काम फत्ते झालेलं असतं.

प्ले स्टोअर हवं असेल, तर गूगल अ‍ॅप्सचं पॅकेज फोन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच टाकायचं. सही जुळत नाही, असा इशारा येईल. पॅकेज लिनेजच्या सहीचं नसल्यामुळे तो येणारच. लिनेजने सुचवलेल्या ठिकाणावरूनच ते घेतलं असेल, तर ‘येस’ म्हणा. मात्र सगळं नीट चाललं म्हणून बूटलोडर पुन्हा लॉक करायला जाऊ नका. या फोनवर ती हौस महागात पडते : फोन सुरूच होत नाही.

खरी किंमत मोजावी लागते ती नंतर. गूगलची प्ले इंटिग्रिटी तपासणी अनलॉक केलेल्या फोनकडे संशयाने पाहते, त्यामुळे काही बँकांची आणि पैसे देण्या-घेण्याची अ‍ॅप्स चालायला नकार देतात. पळवाटा आहेत, पण त्या आज चालतात, उद्या बंद पडतात. म्हणून ज्या फोनवर तुमचं यूपीआय चालतं, तो एकुलता एक फोन या प्रयोगाला घेऊ नका. ड्रॉवरमधला दुसरा काढा.