काळोखाच्या भरवशावरची हिरवाई

पेण-रोह्याकडच्या जुन्या कौलारू घरांत माजघर अंधारंच असतं. पावसाचा मारा चुकवायला छप्पर खाली उतरवलेलं, पुढेमागे पडव्या. उजेड आत यायचा तो एखाद्या काचेच्या कौलातून. त्यात भाद्रपदातलं भरलेलं आभाळ. बऱ्याच घरांत गणपतीची आरास होते ती नेमकी तिथे. राज्याने 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी घातल्यावर पडदे, कृत्रिम वेली आणि दिव्यांच्या माळा यांवर भर वाढला. दुकानात भर दिवसा ही वेल हातात घेतली तर ती उघड उघड खोटी वाटते. संध्याकाळी मखरात चढवली की मात्र जिवंत भासते. एवढं बदलतं तरी काय?

बदलतो आपला डोळा. त्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी साधारण 60 लाख, तर मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे 12 कोटी. उजेड उतरत जातो तसं काम दंडपेशींकडे जातं. त्यांना बारकावे टिपता येत नाहीत, कारण अनेक पेशी मिळून मेंदूकडे एकच निरोप धाडतात. त्यामुळे पानाच्या कडेची साच्याची रेघ आणि छापील शिरा आधी नाहीशा होतात. शिवाय डोळ्याची सर्वाधिक संवेदनशीलता 555 नॅनोमीटरवरून 507 कडे, म्हणजे तांबड्यापासून आणखी दूर सरकते. दिव्यापासून लांबच्या कोपऱ्यात लाल जास्वंद काळी पडते, तरी तिच्या बाजूचं पान उठून दिसत राहतं.

पण खरं नवल त्या पानाच्या रंगात आहे. प्लास्टिकला हिरवं करायला सर्रास वापरलं जाणारं रंगद्रव्य म्हणजे फ्थॅलोसायनिन ग्रीन. त्याच्या रेणूत मधोमध तांब्याचा अणू आणि भोवती नायट्रोजन गुंफलेलं कडं. झाडातल्या हरितद्रव्यातही बरंचसं तसंच कडं, मधे मात्र मॅग्नेशियम! कुणी पानाची नक्कल करायला बसलं होतं असंही नाही. 1928 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात भांड्याचा मुलामा तडकला, आतल्या लोखंडाशी रसायनाचा संबंध आला आणि अनपेक्षित निळसर पदार्थ हाती लागला. त्याची रचना रसायनशास्त्रज्ञ लिन्स्टेड यांनी 1934 मध्ये उलगडली. पुढे तांब्याच्या निळ्या रंगद्रव्यात क्लोरीन घालून हिरवं तयार झालं. या कुळातली रंगद्रव्यं बनवणाऱ्या सुदर्शन केमिकलचा कारखाना तर रोह्यालाच, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत आहे.

मॅग्नेशियम मात्र पटकन जागा सोडतं. अळूच्या भाजीत चिंच पडली की हिरवा रंग मळकट होतो, तो आंबटपणाने मॅग्नेशियम निसटल्यामुळे. तांबं सहसा निसटत नाही. म्हणून ही वेल दहा दिवसांनी तशीच उतरवून पुढच्या वर्षीसाठी ठेवता येते. (फेकली तर ती कुजतही नाही, म्हणून ठेवावीच.)

आता दिवे. उघडा एलईडी समोरून मारला की प्रत्येक पानावर पांढरा ठिपका चमकतो आणि सोंग उघडं पडतं. माळ पानांच्या मागे दडवावी, उजेड भिंतीवर किंवा पडद्यावर पडून परत यावा. खऱ्या पानातून उजेड आरपार येतो, पातळ कापडी पानातूनही येतो, जाड प्लास्टिकमधून येत नाही. तेव्हा दिव्यापुढे कापडीच पानं हवीत. साच्यातली पानं सगळी एकाच मापाची असतात आणि मेंदू ती पुनरावृत्ती चटकन पकडतो, म्हणून थोडी वाकवावीत, दोन छटा मिसळाव्यात. रंग बदलत लुकलुकणारी माळ मला तरी आरतीच्या वेळी नकोशी होते. 2700 केल्विनच्या आसपासचा, दुकानदार ज्याला ‘वॉर्म व्हाइट’ म्हणतात तो उजेड समईच्या ज्योतीशी जुळतो.

या पिवळसर उजेडात निळा अंश कमी असतो आणि त्याचा परिणाम मूर्तीवरही होतो. निळं पितांबर मंदावतं, अंगाची गुलाबी छटा केशरीकडे झुकते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पसंत करताना ती ट्यूबलाइटखाली पाहिली जाते, मग घरी आल्यावर रंग वेगळा का, असा प्रश्न पडतो. घरच्या माळेचा तुकडा सोबत नेऊन तिथेच लावून पाहावा. कारखानदार हसेल, पण प्लगची जागा दाखवेल.