डमरू, भोवरा आणि आडवा वारा

हवेची बंदूक : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण टाकीतला दाब आणि रेग्युलेटर पाहिला. आज नळीतून बाहेर पडणाऱ्या शिशाकडे वळू.

तळहातावर दोन गोळ्या घ्या. दोन्ही शिशाच्या, दोन्ही ०.२२ कॅलिबरच्या, म्हणजे साडेपाच मिलिमीटर जाडीच्या. एक आपल्या ओळखीचा छर्रा: कमरेत आवळलेला, मागून पोकळ, थेट डमरूसारखा. त्याचं ‘डायबोलो’ हे नावही दोरीवर नाचवायच्या अशाच आकाराच्या खेळण्यावरून पडलं. वजन १८ ग्रेन, म्हणजे सव्वा ग्रॅमलाही थोडं कमी. दुसरा स्लग. त्याला कंबर नाही. बाजू सरळ, नाकावर बारीक खळगा, बूड सपाट किंवा किंचित खोलगट. वजन २५ ग्रेन, १.६२ ग्रॅम.

छर्‍याचं डोकं भरीव आणि शेपूट पोकळ असल्यामुळे त्याचं वजन पुढे असतं. बॅडमिंटनचं शटल कसंही मारलं तरी बूच पुढे करूनच जातं ना, तसंच इथे होतं. हवा मागची झालर धरून ठेवते आणि छर्‍याचं तोंड सरळ राहतं. पण ही धरपकड फुकट होत नाही, तिची किंमत वेगातून वसूल होते. स्लगला झालरच नाही. तो भोवर्‍यासारखा निव्वळ गिरकीवर उभा असतो. गिरकी पुरेशी असेल तर हवा कापत जातो, कमी पडली तर डुलायला लागतो, आणि मग निशाणावर त्याचा काही भरवसा उरत नाही.

गोळी वेग किती टिकवते हे एका आकड्यात मांडतात: बॅलिस्टिक कोएफिशंट, बोलण्यात नुसतं बीसी. आकडा मोठा, तर वेग टिकतो. १८ ग्रेनच्या चांगल्या छर्‍याचा बीसी ०.०३ च्या आसपास असतो, २५ ग्रेनच्या चांगल्या स्लगचा ०.०८ च्या घरात. कागदावर हा जवळजवळ तिप्पट फरक आहे. मैदानावर तो नेमका कुठे उमटतो, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं.

पुष्कळदा दोन्ही गोळ्या एकाच वेगाने सोडून तुलना केली जाते. मला ते पटत नाही. जड गोळीला तोच वेग द्यायला जास्त ताकदीची बंदूक लागते, म्हणजे तुलना गोळ्यांची न राहता बंदुकांची होते. म्हणून दोघांना ऊर्जा सारखी देऊ, ४४ ज्यूल. छर्रा नळीतून सेकंदाला २७५ मीटर वेगाने निघेल, स्लग २३४ मीटरने. समुद्रसपाटीची हवा आणि वर दिलेले बीसी धरून मी हिशेब मांडला, तेव्हा १०० मीटरवर दोघेही सुमारे ०.४७ सेकंदांत, जवळपास एकाच क्षणी पोचले. सुरुवातीला पुढे धावलेला छर्रा तोवर दमलेला असतो. त्याचा वेग १६८ वर आलेला, स्लगचा १९६ वर. छर्‍यात १६-१७ ज्यूल उरतात, स्लगमध्ये ३१. (स्लग वापरणाऱ्याने निशाणामागे मातीचा भक्कम बंधारा असल्याशिवाय चापाला हात लावू नये, ते यासाठीच.)

आता आडवा वारा घ्या, सेकंदाला ३ मीटर, पानं सळसळतील इतकाच. छर्रा ३२ सेंटीमीटर सरकतो, स्लग १२. गोळ्या तेवढाच वेळ हवेत होत्या, वारा तोच होता, मग हा फरक आला कुठून?

या प्रश्नापाशी मी स्वतः बराच काळ अडलो होतो. वाऱ्याचा मार प्रवासाच्या वेळावर ठरत नाही, झालेल्या उशिरावर ठरतो. हवा नसती तर छर्‍याने १०० मीटर ०.३६४ सेकंदात कापले असते. त्याला ०.४७ लागले, उशीर ०.१०६ सेकंद. त्याला वाऱ्याच्या वेगाने, म्हणजे ३ ने गुणा: ३२ सेंटीमीटर. स्लगला हवेविना ०.४२७ लागले असते, म्हणून त्याचा उशीर जेमतेम ०.०४ सेकंद. हे सूत्र एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच तोफखान्याचे अधिकारी इझिदोर दिदियों यांच्या नावाने ओळखलं जातं. तोफगोळ्यासाठी मांडलेला हिशेब दीड ग्रॅम शिशालाही तंतोतंत लागू पडतो, याचं मला आजही नवल वाटतं.

खाली पडणं मात्र दोघांचं जवळपास सारखंच, साधारण एक मीटर. त्याची धास्ती नको. गुरुत्वाकर्षण दर वेळी तेवढंच ओढतं, दुर्बिणीची फिरकी फिरवून त्याचा बंदोबस्त होतो. वारा क्षणाक्षणाला बदलतो, आणि स्लगची खरी कमाई तिथे आहे. ५० मीटरवर त्याच वाऱ्यात छर्रा सात-आठ सेंटीमीटर सरकतो, स्लग तीन. दहा मीटरच्या बंदिस्त रेंजवर, जिथे आपले बहुतेक नेमबाज घडतात, तिथे स्लगचं काहीच काम नाही, ४.५ मिलिमीटरचा छर्रा तिथला राजा आहे. शिवाय भारतात ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकदीच्या हवाई बंदुकीला परवाना लागतो, हे आजचे आकडे वाचताना ध्यानात असू द्या.

परवाना आणि बंदूक दोन्ही हातात असली तरी स्लग सहजासहजी वश होत नाही. छर्‍याची पातळ झालर दाबाने फुगते आणि नळी आपोआप बंद करते. स्लगला फुगायला झालरच नाही, त्यामुळे माप चोख लागतं. म्हणून एकच स्लग ०.२१६, ०.२१७, ०.२१८ इंच अशा एकेका सहस्रांशाच्या फरकाने विकला जातो. बंदूक रिकामी आणि टाकी सोडवलेली आहे याची खात्री करून एक स्लग नळीत बसवा आणि दांडीने हळूहळू ढकलून दुसऱ्या टोकाने बाहेर काढा. भिंगाखाली धरा. गोळीला गिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांच्या, म्हणजे रायफलिंगच्या, रेघा सगळ्या बाजूंनी एकसारख्या उमटल्या असतील तर माप जमलं. एका बाजूला रेघ ठळक आणि दुसरीकडे शिसं गुळगुळीत असेल, तर तो सैल आहे. आणि ढकलताना हात दुखला, तर बहुधा तोंडाजवळ नळी मुद्दाम अरुंद ठेवलेली असेल. छर्‍याला ती मानवते, स्लगला नाही.

डब्यावरचा बीसी दुसऱ्या कुणाच्या नळीतून मोजलेला असतो. तुमचा बीसी काढायचा तर नळीपाशी आणि १०० मीटरवर, दोन्हीकडे वेग मोजा. ते कसं, ते पुढच्या आठवड्यात.