सिगारेट उद्योग

बारीक कापलेली तंबाखू पातळ कागदात गुंडाळून धूम्रपानासाठी सिगारेटी तयार करणारा उद्योग. सौम्य धुराची तंबाखू आणि सिगारेटी वळणारे यंत्र या दोहोंच्या संयोगातून त्याची आधुनिक वाढ झाली.

तंबाखूची लागवड : तंबाखूचे मूलस्थान अमेरिका खंड होय. कोलंबसाच्या १४९२ मधील सफरीनंतर यूरोपीयांना तिची ओळख झाली. व्हर्जिनिया वसाहतीत जॉन रॉल्फ याने १६१२ च्या सुमारास लागवड सुरू केली. या पिकास मनुष्यबळ फार लागत असल्याने पुढे तेथील मळे आफ्रिकी गुलामांच्या श्रमांवर चालू लागले. उत्तर कॅरोलायनात १८३९ मध्ये स्टीफन नावाच्या एका गुलामाने विझत आलेली भट्टी कोळशाने पेटविली, तेव्हा पाने पिवळीधमक झाली, असे सांगितले जाते. कालांतराने धातूच्या नळांतून उष्णता खेळवून, धूर न लागू देता, पाने वाळविण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत पानांतील शर्करा टिकून राहते व धूर किंचित अम्लधर्मी होतो. त्यामुळे तो घशाला कमी झोंबतो आणि फुप्फुसांत खोलवर ओढता येतो. चिरुटाचा धूर क्षारधर्मी व उग्र असल्याने सहसा तोंडातच ठेवला जातो.

यांत्रिकीकरण : कुशल कारागीर हाताने मिनिटास सु. ४ सिगारेटी वळीत असे. जेम्स बॉन्सॅक याने १८८० च्या सुमारास तयार केलेल्या यंत्रात कागदाच्या अखंड पट्टीवर तंबाखू पसरून लांब कांडी बनविली जाई व तिचे समान तुकडे कापले जात. त्याचा वेग मिनिटास सु. २०० सिगारेटी एवढा होता. डरॅम येथील कारखानदार जेम्स ड्यूक याने १८८४ मध्ये हे यंत्र स्वीकारले. वाढलेला माल खपविण्यासाठी त्याने जाहिरातींवर मोठा खर्च केला आणि १८९० मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापिली. मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे विभाजन करविले.

भारतातील उद्योग : कलकत्ता येथे १९१० मध्ये इंपीरिअल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. गुंटूर परिसरात व्हर्जिनिया तंबाखूची लागवड वाढली व १९७६ मध्ये तंबाखू मंडळाचे कार्यालय तेथेच आले. आंध्र प्रदेश व कर्नाटक ही या तंबाखूची प्रमुख राज्ये होत. भट्ट्यांसाठी लाकूड जाळले जात असल्याने वृक्षतोडीचा प्रश्न निर्माण झाला. निपाणी भागातील तंबाखू मात्र उन्हात वाळवून मुख्यत्वे विड्यांसाठी वापरतात.

आरोग्य व नियंत्रण : धूर फुप्फुसांत गेल्याने निकोटिन रक्तात त्वरित मिसळते व व्यसन जडते; त्याबरोबरच कर्कजनक द्रव्येही फुप्फुसांत पोहोचतात. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. भारतात सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापण्याचे बंधन १९७५ च्या अधिनियमाने घातले. २००३ च्या अधिनियमाने जाहिराती व सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान यांवर बंदी आणली. ज्या सौम्यतेमुळे सिगारेटचा प्रसार झाला, तीच तिच्या घातकतेचे एक प्रमुख कारण ठरली.