पुठ्ठ्याची गावं, जन्मभराच्या गाड्या

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावात, एका घराच्या तळघरात, मालगाडीचे डबे चक्क एक डायनासोर ओढायचा! नाव एमा, जात स्टेगोसॉरस, यार्डातला इंजिन क्रमांक १३. तिची नेमणूक करणारा जॉन ॲलन पेशाने फोटोग्राफर आणि मनाने पक्का रेल्वेवाला. १:८७ च्या मापात त्याने उभारलेली 'गोरी अँड डिफीटेड' ही रेल्वे हौशी मंडळी आजही एकमेकांना गोष्टीसारखी सांगतात. हाताने घडवलेल्या अशा जुन्या रेल्वेंच्या कथा एकाहून एक भन्नाट आहेत. आणि त्यातल्या बऱ्याच कथा एकाच प्रश्नापाशी येतात: घडवणारा गेल्यावर गाडी कोण चालवणार?

फरशीपासून छतापर्यंत डोंगर

मॉडेल रेल्वे म्हटली की टेबलाएवढी फळी आणि तिच्यावर गोल फिरणारे रूळ डोळ्यांपुढे येतात. ॲलनने डोंगर उभे केले ते थेट तळघराच्या फरशीवरून. पाहुणा दरीत उभा राहायचा आणि गाडी वरच्या पुलावरून जायची. जागा अपुरी पडली तिथे त्याने आरसे अशा खुबीने बसवले की रूळ संपले कुठे हे कळायचंच नाही. वाघिणींवर गंज, काजळी, पावसाचे ओघळ रंगवायची आज सर्रास असलेली रीत लोकप्रिय होण्यातही त्याचा मोठा वाटा. शिवाय त्याने 'टाइमसेव्हर' नावाचा शंटिंगचा खेळ काढला. मोजके रूळ, थोडे डबे आणि कमीत कमी हालचालींत प्रत्येक डबा आपापल्या जागी लावायचा. पाच मिनिटांत होईल असं वाटतं आणि संध्याकाळ संपते.

मला सर्वांत आवडते ती वेगळीच गोष्ट. ॲलनचा पहिला लेआउट जेमतेम साडेतीन फूट बाय पावणेसात फुटांचा होता. पुढे मोठी रेल्वे बांधताना त्याने तो मोडला नाही, नव्या रेल्वेतच सामावून घेतला. कौशल्य वाढल्यावर आपलं सुरुवातीचं काम नकोसं होतं, याने मात्र ते मानाने ठेवून घेतलं.

१९७३ च्या जानेवारीत ॲलन वारला. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच घराला आग लागली आणि रेल्वेचा बहुतेक भाग जळून गेला. आज ती आपल्याला दिसते ती मुख्यतः त्याने स्वतः काढून ठेवलेल्या फोटोंमधून. त्याच्यावरचं लिन वेस्टकॉट यांचं पुस्तक १९८१ मध्ये आलं. मालक फोटोग्राफर नसता, तर एमा उरली असती ती फक्त पाहुण्यांच्या आठवणीत.

मॅडर खोऱ्याचं नशीब

दुसरी गोष्ट लंडनची, आणि सुदैवाने सुखाची. जॉन अहर्न यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस 'मॅडर व्हॅली रेल्वे' बांधायला घेतली. त्या काळी बहुतेकांचं सगळं लक्ष इंजिनावर. आजूबाजूला एखादं स्टेशन, एखादा बोगदा, बस्स. अहर्न यांनी उलट केलं. आधी गाव, रस्ते, दुकानं, बंदर यांचा विचार, आणि त्यातून वाट काढत जाणारी गाडी. मॅडरपोर्ट, गॅमन मॅग्ना, मच मॅडर अशी नकाशावर कुठेही नसलेली गावं त्यांनी वसवली. ती इतकी खरी वाटतात की तिथे एखादी खोली भाड्याने घ्यावी असा मोह होतो.

इमारती, निसर्ग आणि इंजिनं कशी बनवावीत यावर अहर्न यांनी पुस्तकंही लिहिली. ती वाचून कित्येक जण पुठ्ठा, कात्री घेऊन बसले. १९६१ मध्ये ते गेले, पण मॅडर खोरं उरलं. आज ते ऑक्सफर्डशरमधल्या लाँग विटनम गावी पेंडन म्युझियममध्ये आहे आणि अधूनमधून चालवलंही जातं.

आजच्या डोळ्यांना त्यातले रूळ जाड वाटतील, झाडं भाबडी वाटतील. तरी तिथे नवी झाडं लावू नयेत, हे माझं ठाम मत. अशी झाडं तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा करून पाहत होतं. ती काढली तर मॅडर खोऱ्यातून अहर्नच निघून जातील.

गवती छपरांसाठी

पेंडन म्युझियमची स्वतःची कथाही काही कमी नाही. रॉय इंग्लंड हा तरुण ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये इंग्लंडला आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या भागातली गवताने शाकारलेली, जुन्या विटांची घरं त्याने पाहिली. आणि मग एकेक घर पडताना, एकेक छप्पर बदलताना पाहिलं. घरं वाचवणं त्याच्या हातात नव्हतं. मग त्याने ठरवलं की निदान ती लहान मापात जशीच्या तशी बांधायची. मोजमापं घेतली, फोटो काढले, आणि पुठ्ठ्यावर विटांच्या रेषा कोरून जलरंगाने एकेक वीट रंगवायला सुरुवात केली. १९५४ मध्ये म्युझियम सुरू झालं.

रॉय इंग्लंड १९९५ मध्ये वारले. काम थांबलं नाही. स्वयंसेवकांच्या पिढ्या ते गाव पुढे बांधत राहिल्या. त्यात सगळं १९३० च्या सुमाराचं: भाजीचे वाफे, कुंपणं, वाळत घातलेले कपडे. डार्टमूरचा एक स्वतंत्र देखावा आहे. त्यात लाकडी खांबांचा उंच पूल आहे, आणि त्यावरून ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या गाड्या धावतात. यातली कित्येक खरी घरं आज त्या रूपात उरलेली नाहीत. म्हणजे मॉडेल हाच आता मूळ घराचा दस्तऐवज झाला आहे.

इंग्रजांची गंमत, आपली अडचण

ब्रिटनमधलं लोकप्रिय माप १:७६, बाकी युरोपात आणि अमेरिकेत १:८७. तरीही दोन्हींचे रूळ एकाच रुंदीचे, १६.५ मिलिमीटर! कारण साधं आहे. ब्रिटिश इंजिनं मुळातच आटोपशीर, त्यामुळे १:८७ मध्ये सुरुवातीच्या काळातली मोटर आत मावेना. मग इंजिनाचं अंग थोडं मोठं केलं आणि रूळ होते तेच ठेवले. तेव्हापासून ब्रिटिश मॉडेल गाड्या हिशेबापेक्षा अरुंद रुळांवर धावत आहेत.

आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. १:८७ च्या हिशेबाने रूळ सव्वाएकोणीस मिलिमीटरचे हवेत, १:७६ ला तर २२. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रुळांवर डेक्कन क्वीन ठेवली की ती अरुंद पायांवर उभी दिसणार. ज्यांना हे खुपतं ते रूळही घरीच बनवतात. त्यांना माझा सलाम.

आणखी एक हिशेब मुलांना करून दाखवा. १:७६ मध्ये एक किलोमीटर म्हणजे फक्त १३ मीटर. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ३६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. बहुतेक जण याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने पळवतात!

बापलेकाचं यंत्र

रेव्हरंड पीटर डेनी हे इंग्लंडमधले पाद्री. १९४० च्या दशकात, युद्धानंतर दुकानांत फारसं काही मिळत नसताना, त्यांनी बकिंगहॅम शहराची एक काल्पनिक शाखारेल्वे बांधायला घेतली. काळ निवडला १९०७ चा. इंजिनं, डबे, सिग्नल, घरं, सगळं हाताने. गाड्या मनाला येईल तशा फिरवायच्या नाहीत, वेळापत्रकाप्रमाणेच, एका स्टेशनातून दुसऱ्याला घंटीने विचारून सोडायच्या.

आता गंमत बघा. एका स्टेशनाचा कारभार त्यांचा मुलगा क्रिस्पिन बघायचा. तो नसेल तेव्हा काय? डेनी यांनी त्याची कामं ठरावीक क्रमाने पार पाडणारं एक यंत्रच बनवलं आणि त्याला नाव दिलं 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'. घरोघरी संगणक यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. डेनी २००९ मध्ये गेले. रेल्वे मात्र दुसऱ्या एका जाणकाराने आपल्याकडे नेली, दुरुस्त केली आणि ती अजून वेळापत्रकाप्रमाणे चालते. माझ्या मते जतनाचा याहून चांगला नमुना नाही. कारण इथे फक्त लाकूड-पत्रा वाचला नाही, गाडी चालवायची पद्धतही वाचली.

झटपट तीन

मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनात १९१२ मध्ये एक मॉडेल रेल्वे आली ती खेळायला नव्हे, सिग्नलवाल्यांना शिकवायला. चुकीचा सिग्नल पडला तर अपघात टेबलावरच! १९९५ पर्यंत ती कामात होती. आता ती यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमच्या संग्रहात आहे.

गायक रॉड स्ट्युअर्ट यांनी दोन दशकांहून अधिक काळ खपून १९४० च्या दशकातलं एक अमेरिकन औद्योगिक शहर आणि त्याची रेल्वे बांधली. २०१९ मध्ये ते जगाला दाखवलं. दौऱ्यावर असताना हॉटेलात एक जादा खोली ते फक्त मॉडेलच्या कामासाठी घ्यायचे.

बीकन्सफील्डचं बेकनस्कॉट हे मॉडेल गाव १९२९ पासून लोकांसाठी खुलं आहे. काळाबरोबर तिथेही नव्या धर्तीच्या इमारती आल्या. १९९२ मध्ये चालकांनी ठरवलं की घड्याळ मागे फिरवायचं, आणि सगळं पुन्हा १९३० च्या दशकात नेलं. अद्ययावत होण्याची घाई किती महागात पडते, हे ज्यांना कळलं त्यांचं कौतुकच करायला हवं.

शत्रू आतूनच येतो

जुनी रेल्वे कशाने मरते? धूळ, दमट हवा, उंदीर, हे झालेच. खरा कपटी शत्रू धातूतच लपलेला असतो. दुसऱ्या महायुद्धाआधीची कितीतरी चाकं आणि इंजिनांची अंगं जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असत. ओतताना त्यात थोडंसं शिसं मिसळलं गेलं की वर्षानुवर्षांनी धातू आतून फुगतो, तडकतो आणि बिस्किटासारखा चुरा होतो. यावर इलाज नाही. कपाटात जपून ठेवलेलं, कुणी हातही न लावलेलं इंजिनसुद्धा यातून सुटत नाही. शहाणे संग्राहक अशा भागांची मापं वेळेवर घेऊन ठेवतात, म्हणजे नवा भाग घडवता येतो.

शिशाच्या बाहुल्यांचं दुखणं वेगळं. बंद लाकडी कपाटात लाकडातून आम्लाची वाफ निघते, ती शिशावर पांढरी भुकटी आणते. खिडक्यांची जुनी पारदर्शक पट्टी पिवळी पडून वाकते. रंगवलेला भुसा उन्हाने फिका होतो. आणि आपल्याकडे पावसाळा! पुठ्ठा फुगतो, खळीने चिकटवलेलं झुरळं आवडीने खातात, फळीला वाळवी लागते. म्हणून जुना लेआउट माळ्यावर टाकू नका. उन्हाळ्यात तापणारी आणि पावसाळ्यात दमट होणारी ती जागा त्याच्यासाठी सर्वांत वाईट.

कोथरूडला जाऊन या

पुण्याला कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यावर जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. भाऊ जोशी यांच्या हौसेतून ते उभं राहिलं आणि १९९८ मध्ये सुरू झालं. एक अख्खं छोटं शहर आहे: सर्कस, पोहण्याचा तलाव, दिवे, सिग्नल, आणि मधून धावणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या. भाऊ गेल्यावरही घरच्यांनी ते चालू ठेवलं. काचेआडच्या बंद गाडीपुढे लहान मूल फार वेळ रमत नाही. इथे शहरात दिवे लागतात, गाड्या सुटतात आणि मुलं कठड्याला चिकटून राहतात. चालवल्याने गाडी झिजते हे खरं. पण न चालवल्याने तेल गोठतं, रुळांवर थर चढतो, आणि ती चालवता येणारी माणसं एकेक करून कमी होतात. माझा कौल चालवण्याला.

गेलात की एक करा. खाली वाकून डोळे फलाटाच्या पातळीवर आणा. वरून दिसतं ते खेळणं. खालून बघितलं की आपण स्टेशनात उभे असतो.

आणि तुमच्याच घरात असेल तर?

काकांचा, आजोबांचा लेआउट घरात असेल तर हलवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, खालच्या तारांचेही. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधा. ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कुंचल्याने धूळ झटका. नवा रंग देऊ नका. अडकलेली मोटर जोराने फिरवू नका, आधी जाणत्याला दाखवा. सुटलेला दरवाजा, तुटलेलं कौल, काहीही फेकू नका, डबीत घालून वर जागा लिहा. आणि ज्यांनी ती रेल्वे बांधली ते अजून आपल्यात असतील, तर याच रविवारी त्यांना रेल्वेपुढे बसवा, मोबाइल रेकॉर्डिंगला लावा, आणि कोणतं बटण कशाचं, पहिली गाडी कुठून सुटते, कोणता सांधा जरा दाबून धरावा लागतो, हे त्यांच्याच तोंडून सांगून घ्या.