जुना सर्व्हर घरी आणताना

संगणकजाळ्याची विद्या प्रत्यक्ष हात घातल्याखेरीज येत नाही. म्हणून कित्येक विद्यार्थी कार्यालयांनी मोडीत काढलेला सर्व्हर घरी आणतात. डेल कंपनीचा 2012 सालचा आर-720 घ्या. प्रोसेसर दोन, रॅमच्या पट्ट्यांना खाचा 24. त्यांत प्रॉक्समॉक्स ही मुक्त प्रणाली बसविली, की एकाच पेटीत दहाबारा आभासी यंत्रे नांदू लागतात. एखादे बिघडले तर पुसून पुन्हा उभारावे. कोणाचे कामकाज अडत नाही.

खर्च मात्र खरेदीपाशी थांबत नाही. यंत्र अहोरात्र 120 वॅट ओढीत असेल, तर महिन्याला सुमारे 86 युनिट होतात. पंख्यांचा घोंगावही निजण्याच्या खोलीत सोसण्याजोगा नव्हे! सरावापुरते चालवून बंद करणेच बरे.

आयड्रॅक या दूरनियंत्रण-भागाचा परवलीचा शब्द आधी बदलावा. मुळातला ‘कॅल्विन’ जगजाहीर आहे. वीज जोडलेली असेपर्यंत, मुख्य यंत्र बंद असतानाही, हा भाग जागा असतो. तो इंटरनेटवर उघडा ठेवू नये. जुन्या तबकड्या सोबत आल्या असतील, तर त्यांत कोणाचे पगारपत्रक, कोणाचा आजार नोंदलेला असावयाचा. न वाचता सारे पुसून टाकावे.